कला-वाणिज्य शाखांसाठी जीवशास्त्र : एक अभिप्राय
बडोद्यातील एका महाविद्यालयात विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी चालणारा प्राथमिक जीवशास्त्राचा अभ्यासक्रम मी इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने पूर्ण केला. आनुवंशिकतेचा भाग त्यात सर्वांत सरस आहे. मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांतले प्रभावी (म्हणजे दुसऱ्याला झाकणाऱ्या) आणि अप्रभावी गुणांचे ३:१ हे गुणोत्तर पाठ करून न घेता ते दोन नाणी उडवून काढायला लावतात. प्रत्येक नाणे म्हणजे एका जनकाकडून येणारे जनुक, आणि एक जरी छापा पडला तरी प्रभावी गुण दिसतो, हे स्वतः करून पाहिल्यावर शंका उरत नाही. या प्रयोगांवरचा मेंडेलचा १८६६ साली प्रसिद्ध झालेला निबंध १९०० पर्यंत दुर्लक्षित का राहिला, ही चर्चा आम्हा इतिहासवाल्यांना तर विशेष भावली. प्रात्यक्षिकांची बाजू मात्र लंगडी आहे, कारण कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक इतके अपुरे आहेत की बराचसा तास रांगेतच जातो. वर्गीकरण घाईने उरकले जाते. सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा असताना तेथे वर्ग नेण्याचे कोणालाच सुचू नये, याचे नवल वाटते. शुल्क वाजवी आहे. प्रवेश घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेसाठी सकाळची तुकडी निवडावी, कारण त्या वेळी गर्दी कमी असते.