लॉकवुड किपलिंग यांच्या मागावर मुंबई : एका अभ्यास सहलीचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातून रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघायचे आणि शनिवार-रविवार मुंबईत एकाच शिल्पकाराच्या कामाच्या मागावर फिरायचे, अशी ही सहल शहरातील इतिहासप्रेमींचा एक छोटा गट भरवतो. हा शिल्पकार म्हणजे जॉन लॉकवुड किपलिंग. ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे. तिच्यामागे झाकलेले एका कारागीर माणसाचे कष्टाचे आयुष्य उलगडून दाखवणे हा सहलीचा हेतू आहे आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला आहे.

निघण्याच्या दिवशी संध्याकाळी होणारे व्याख्यान कोणीही चुकवू नये. मार्गदर्शक हे निवृत्त चित्रकला शिक्षक असून, विषय त्यांच्या हाडीमाशी खिळलेला आहे. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच १८३७ साली यॉर्कशायरमधील पिकरिंग येथे एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८५१ चे लंडनचे महाप्रदर्शन पाहून कलेकडे कसा ओढला गेला, स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम येथे मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याचा हात कसा तयार झाला आणि तेथून तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) सजावटीच्या कामावर कसा पोहोचला, हे सारे सरांनी घाई न करता सांगितले. त्या संग्रहालयाच्या इमारतीवरील एका शिल्पपट्टीत, बांधकामाशी संबंधित इतर मंडळींबरोबर, खुद्द किपलिंग यांचीही आकृती कोरलेली आहे.

व्याख्यानाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र दगडाचा होता. सरांनी टेबलावर दोन तुकडे ठेवले, एक आपल्याकडचा काळा पाषाण आणि दुसरा पोरबंदरचा फिकट चुनखडक, आणि छिन्नी-हातोडी आमच्या हाती दिली. काळ्या दगडावर छिन्नी खणखणली आणि जेमतेम पांढरा ओरखडा उठला. पोरबंदरी दगड मात्र हलक्या घावासरशी भुगा सांडत सरळ कापला गेला. मुंबईच्या इमारतींवर पाने, फुले आणि पक्षी इतके दाट का कोरता आले आणि वेरूळच्या पाथरवटाला त्याच कौशल्यासाठी किती अधिक बळ खर्चावे लागले असेल, हे त्या एका घावात जेवढे कळते तेवढे पुस्तकाच्या पानांवरून कळत नाही.

मुंबईत उतरताच सरांनी एक रूढ समज दुरुस्त केला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील शिल्पे किपलिंग यांनी घडवली असे अनेक जण मानतात. पण ते १८७५ मध्येच लाहोरला गेले होते आणि या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. घुमटावरील ‘प्रगती’ची मूर्ती थॉमस अर्प यांची असून, अंगाखांद्यावरील कितीतरी कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केले आहे. किपलिंग यांचे स्वतःचे काम पाहायचे तर क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला जावे लागते. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, जुने नाव पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे, आणि प्रवेशद्वारावरील कमानीत बसवलेले, गव्हाच्या शेतातले शेतकरी दाखवणारे उठावशिल्प किपलिंग यांचे. इमारतीवर शिल्प घडवणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्याने आखून दिलेली चौकट येते आणि तिच्यात त्याला आपले म्हणणे मांडावे लागते, हे या पटाखाली उभे राहिल्यावर नीट उमगते. १८६५ साली मुंबईत पाऊल ठेवलेल्या या माणसाने देवदेवता किंवा राजेरजवाडे न निवडता कष्टकरी देह इतक्या आदराने न्याहाळावेत, याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. मंडईत आम्हाला भर गर्दीच्या वेळी नेण्यात आले, त्यामुळे वर पाहत उभे राहणे म्हणजे हमालांची वाट अडवणे झाले. ही भेट सकाळी लवकर ठेवावी. जे. जे.च्या आवारासाठी परवानगीची पूर्वतयारी अपुरी होती आणि बराच वेळ फाटकाशी गेला. १८६५ मध्ये किपलिंग इमारतींवरील शिल्पकलेचे अध्यापक म्हणून रुजू झाले ते याच संस्थेत, आणि रुडयार्ड यांचा जन्मही त्याच वर्षी याच आवारात झाला. त्यांचे जन्मस्थान म्हणून आज दाखवला जाणारा बंगला मात्र नंतरचा आहे, ही माहिती सरांनी प्रामाणिकपणे दिली. लाहोरच्या मेयो कला विद्यालयाचे प्राचार्यपद आणि तेथील संग्रहालयाची जबाबदारी असा १८९३ पर्यंतचा मोठा कालखंड परतीच्या गाडीत गुंडाळला गेला. राणीच्या ऑसबोर्न प्रासादातील दरबार दालनात ज्यांची कारागिरी आहे त्या भाई राम सिंग या त्यांच्या शिष्याला तर एकच वाक्य मिळाले. शिष्यांविना या शिक्षकाची कारकीर्द अर्धीच समजते, म्हणून ही उणीव मला सर्वाधिक खटकली.

आयोजकांना माझी एक आग्रहाची सूचना आहे. किपलिंग यांचे सहकारी ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यांतील बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत जळाल्या. ती आग लागली साउथ केन्सिंग्टनलाच, जेथे किपलिंग यांनी सजावटीचे काम केले होते. हा धागा थेट आपल्या दारापर्यंत येत असताना सहलीत अजिंठा नसावा हे योग्य नाही. एक दिवस वाढवून तो जोडावा आणि त्यासाठी शुल्क वाढले तरी मराठवाड्यातील माणूस ते आनंदाने देईल.

राहण्याची व्यवस्था साधी पण स्वच्छ आहे आणि जेवण चांगले आहे. चालणे मात्र बरेच पडते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आयोजकांशी आधी बोलावे, आणि कोणीही दुर्बीण घेतल्याशिवाय जाऊ नये, कारण पाहण्यासारखे जवळजवळ सगळेच डोक्यापेक्षा बरेच उंचावर आहे.