पीएचपीचा जेआयटी: फंक्शन मोड की ट्रेसिंग?

पीएचपी ८.० पासून (नोव्हेंबर २०२०) ऑपकॅशमध्ये, म्हणजे तयार कोड साठवून ठेवणाऱ्या पीएचपीच्या एक्स्टेन्शनमध्ये, जेआयटी (जस्ट-इन-टाइम कंपाइलर) आहे. तो पीएचपी कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे मशीन कोडमध्ये उतरवतो. त्याचे मुख्य मोड दोन.

'फंक्शन' (सेटिंगमधला आकडा १२०५) मोड स्क्रिप्ट लोड होताच सगळी फंक्शनं मशीन कोडमध्ये उतरवतो. कोड अजून चाललेलाच नसतो, म्हणून व्हेरिएबलचे प्रकार नुसते वाचून ताडावे लागतात. टाइप न लिहिलेल्या पॅरामीटरमध्ये काय येईल हे कळत नाही. मग प्रत्येक बेरजेआधी प्रकाराची तपासणी आलीच. एकदाच चालणाऱ्या कोडवरही बफर (मशीन कोडसाठी राखलेली मेमरी) खर्च होतो.

'ट्रेसिंग' (१२५४) आधी इंटरप्रिटरला, म्हणजे मशीन कोड न बनवता कोड एकेक पायरीने चालवणाऱ्या भागाला, चालू देतो. लूपच्या साठेक फेऱ्या झाल्या की प्रत्यक्ष घेतलेली वाट (ट्रेस) प्रकारांसकट नोंदवतो आणि तेवढीच कंपाइल करतो. वाटेत गार्ड, म्हणजे नोंदवलेला प्रकारच आला का हे पाहणाऱ्या तपासण्या असतात. पूर्णांकाच्या जागी दशांश संख्या आली की गार्ड फसतो आणि काम इंटरप्रिटरकडे परततं. हे वारंवार घडलं तर तिथून बाजूचा ट्रेस फुटतो. प्रकार सतत बदलणाऱ्या कोडमध्ये असे फाटे वाढत जातात.

आमची पसंती ट्रेसिंगलाच, पण गणिती लूपसाठी. वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जात असेल तर दोन्ही मोड सारखेच निरुपयोगी. ८.३ पर्यंत जेआयटी बफर मुळात ० असतो. तो ६४ एमबी वगैरे केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. एक्सडीबग (चुका शोधायचं एक्स्टेन्शन) चालू असेल तरीही जेआयटी बंद पडतो.