कालवांसोबत म्युस्कादे की शाब्ली?

समुद्री जेवणासोबत फ्रान्सची गोडवा नसलेली, आंबटसर व्हाइट वाईन हवी म्हटले की बहुतेकांना आधी शाब्लीच आठवते. परंतु ताटात कच्ची कालवे किंवा साध्या रश्शातले शिंपले असतील, तर माझ्या मते निम्म्या किमतीत मिळणारी म्युस्कादे अधिक योग्य ठरते.

लवार नदी अटलांटिकला मिळते त्या टोकाला, नाँत शहराच्या परिसरात म्युस्कादे तयार होते. तिचे द्राक्ष मेलाँ हे मूळचे बर्गंडीचे असून, १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्या भागातील वेली गोठून मेल्यानंतर थंडी सोसणारे म्हणून ते तेथे पसरले. (नाव जवळचे असले तरी सुगंधी मस्कट द्राक्षाशी त्याचा काहीही संबंध नाही.) या द्राक्षाला स्वतःचा गंध बेताचाच, आणि माशासोबत हाच त्याचा गुण ठरतो. लेबलवर ‘सुर ली’ असे शब्द असतील तर ती बाटली निवडावी, कारण अशी वाईन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच मुरू दिली जाते, त्यामुळे तिला किंचित पावासारखी चव येते आणि कधी कधी पहिल्या घोटाला जिभेवर बारीक चुणचुणही जाणवते. वाफवलेल्या शिंपल्यांची परात समोर असावी, एका रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून दुसऱ्यातील मांस उचलावे आणि उरलेल्या खारट रश्शात पाव बुडवावा. अशा जेवणात ही वाईन लिंबाच्या फोडीचे काम करते.

शाब्ली बर्गंडीच्या उत्तर टोकाची आणि शार्डोने द्राक्षाची आहे. तेथील चुनखडीच्या मातीत लहान कालवांचे जीवाश्म सापडतात, म्हणून ती कालवांसाठीच जन्मली असे विक्रेते रंगवून सांगतात. प्रत्यक्षात तिच्या आंबटपणाचे श्रेय मुख्यतः तेथील थंड हवेला जाते. म्युस्कादेपेक्षा ती भरीव असते, त्यामुळे लोणी किंवा क्रीमच्या सॉसमधील मासा, भाजलेले स्कॅलप किंवा लॉब्स्टर यांच्यापुढे ती फिकी पडत नाही, जिथे म्युस्कादे पाण्यासारखी वाटू लागते. प्रीमिये क्रू आणि ग्राँ क्रू या वरच्या दर्जांच्या काही बाटल्या ओकच्या पिंपात मुरवलेल्या असतात; त्या कच्च्या कालवांवर वाया घालवू नयेत.

दक्षिणेकडची पिकपूल द पिने हा तिसरा पर्याय आहे. कालवांची शेती होणाऱ्या ‘तो’ (Thau) नावाच्या खाडीलगतच तिचे मळे आहेत, आणि तळलेल्या माकुळासोबत ती छान लागते. आपल्याकडे रव्यात तळलेल्या बोंबलासोबत यांपैकी पिकपूल किंवा म्युस्कादे निभावून नेईल, मात्र तिखट मालवणी कालवणापुढे तिन्हींची चव हरवते.

म्युस्कादे थेट फ्रिजमधून काढून ओतावी; शाब्ली मात्र दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावी, नाहीतर ज्या भरीवपणासाठी जास्त पैसे मोजले तोच थंडीत दबून जातो.