रक्त पाळीच्या दुसऱ्याच दिवशी का मागितलं?

एका दवाखान्यात 66,600 रुपये गेले. नोंदणी 2,500, ‘एंडोमेट्रिओसिस मुळापासून बरा’ असं तीन महिन्यांच्या पुड्यांचं पॅकेज 54,000 (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो हा आजार), हॉर्मोनच्या तपासण्या 6,200 आणि सीए-125 ही रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी तीनदा, प्रत्येकी 1,300. धाकट्या बहिणीसाठी भरले, आणि भरणारी मी पॅथॉलॉजी लॅबमधली. लाज त्याचीच जास्त वाटते.

मोफत सल्ला, ऑपरेशन टाळा, आजच भरलेत तर सूट, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. खरी हातचलाखी तारखांत होती. पहिलं रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं, आकडा 58. पुढची दोन बाराव्या-तेराव्या दिवशी, 31 आणि 27. ‘बघा, आजार निम्म्यावर आला!’ अहो, सीए-125 पाळीत चढतो आणि मग आपला आपण उतरतो. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, असल्या तरी वाढतो, गरोदरपणातही वाढतो. 35 या नॉर्मलच्या हद्दीखाली आला म्हणून आजार गेला असं होत नाही. निदानासाठी तो वापरूच नये, असं युरोपातल्या ‘एश्रे’ या वंध्यत्व-प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिन्ही रिपोर्ट माझ्याच पर्समध्ये होते. शेजारी-शेजारी ठेवून तारखा वाचायला दोन मिनिटं लागली असती. पण मुलगी दर महिन्याला आडवी पडते, सोनोग्राफी नॉर्मल, घरातले म्हणतात नाटकं करते. अशा वेळी 58चे 27 झालेले कोणाला नको असतात?

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो. पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे ठिपके पोटाच्या आतल्या पडद्यावर असतात, ते सोनोग्राफीत बहुधा सापडत नाहीत. स्टेज लहान म्हणून दुखणं लहान, असंही नाही.

‘कायमचा बरा’ हे शब्द कानावर आले की उठा. या आजाराला तसा इलाज नाही, तो ताब्यात ठेवतात. आधी वेदनाशामक गोळ्या. मग डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी, 2 मिलिग्रॅम, रोज ठरलेल्या वेळी, मध्ये खंड न पाडता. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, आणि ‘गोळी सोसत नाही’ म्हणून बायका नेमक्या तेव्हाच ती सोडतात. तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका. साध्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दुखणं आवरतं, पण डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या नकोत. ल्युप्रोलाइडचं, म्हणजे बीजाशयाचं हॉर्मोन बंद पाडणारं, महिन्याचं इंजेक्शन कोणी पहिल्याच भेटीत काढलं तर कारण विचारा, त्याने हाडं विरळ होतात. मूल हवं असेल तर गोष्ट वेगळी. हॉर्मोनच्या गोळ्यांनी दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही, उलट त्या चालू असताना बीजच बनत नाही. दुर्बिणीतून ठिपके काढले किंवा जाळले तर मात्र फायदा होऊ शकतो. ते केलंत तर आतले फोटो मागून घ्या.

आमच्या पुड्यांवर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना मुदत. चौकीत गेलो तर ‘पैशाचा वाद आहे, ग्राहक मंचात जा.’ औषधांच्या खात्यात गेलो तर ‘नमुना सीलबंद नाही.’ पुडी फोडल्याशिवाय पोरीने घ्यायची कशी? औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954चा कायदा आहे. गर्भाशयाचे विकार आणि पाळीच्या तक्रारी त्याच्या यादीत आहेत, म्हणजे त्यांची ती जाहिरातच गुन्हा ठरते. हवालदाराला मी तो मोबाइलवर उघडून दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाचला आणि ‘साहेब आल्यावर या’ म्हणाला. तीन खेपा झाल्या, साहेब काही भेटले नाहीत. बहिणीला तर एकाने विचारलं, ‘लग्न झालंय का?’ त्याचा तक्रारीशी काय संबंध?

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंत फी नाही. आणि पावती हातात पडताच वाचा. आमच्या पावतीवर 54,000 समोर लिहिलंय ‘वेलनेस सल्ला’. पुड्यांचा उल्लेखच नाही.