पहिलं बाल्सा विमान: फेकायचं, रबराचं की रिमोटचं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मुलगी चौथीत आहे, तिच्याबरोबर घरी बाल्साचं विमान करायचंय. कोणतं आणू?" मी उलट विचारतो, "करायचंय की उडवायचंय?" पलीकडून दरवेळी एकच उत्तर, "दोन्ही." आणि गडबड होते ती इथेच. महिनाभर खपून केलेलं विमान मैदानावर सोडायला हात धजावत नाही, आणि जे बिनधास्त उडवता येतं ते बहुतेक वेळा खोक्यातून तयारच निघालेलं असतं.

बाल्सा म्हणजे फार हलकं लाकूड. ते घेऊन घरच्या टेबलावर सुरुवात करणाऱ्यापुढे पर्याय तीन. हाताने फेकायचा ग्लायडर, रबराच्या पिळावर उडणारं कागद मढवलेलं विमान, आणि रिमोटवरचं इलेक्ट्रिक विमान. घाईत असाल तर माझा कौल आधीच ऐका. पहिला ग्लायडर करा, तोही एक नाही, एकसारखे दोन. रबराचं त्यानंतर महिन्याभराने. रिमोटचं करायचंच असेल तर निदान पहिलं तरी बाल्साचं नको. आता कारणं.

आधी काटा, मग लाकूड

तिन्हींत लाकूड तेच, पण बाल्सा म्हणजे एकच एक माल असं समजू नका. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या सावरीच्याच कुळातलं. जगाला त्याचा पुरवठा मुख्यतः इक्वेडोरमधून होतो. लावल्यापासून सहा-सात वर्षांत तोडणीला येतं, इतकं झपाट्याने वाढतं. त्यामुळे एका फळीचं वजन दुसरीशी जुळत नाही. घनमीटरला १०० किलोचं बाल्सा मिळतं आणि २०० च्या वरचंही मिळतं. ३ मिमी जाड, ७५ मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब अशी नेहमीची शीट घेतली तर हलकी साधारण २० ग्रॅम भरते, मध्यम ३३ च्या आसपास आणि जड थेट ५० ला टेकते. दुकानात मात्र तिन्ही एकाच गठ्ठ्यात, एकाच भावाने. म्हणून मी सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घेऊनच जातो. दुकानदार हसतो, हसू दे.

दुसरी परीक्षा वाकवण्याची. शीट रुंदीच्या बाजूने हलकेच वळवून बघा. नळीसारखी सहज वळली तर ती गोल अंगावर मढवायला चांगली. जी वळायला नकार देते आणि जिच्या अंगावर चमकदार ठिपके दिसतात, ती शेपटीसाठी बाजूला काढा. शेपूट ताठ हवी आणि हलकी हवी.

"आपल्याकडचं लाकूड नाही का चालणार?" हाही प्रश्न ठरलेला. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा हलका खरा, पण विमानाला जडच. बाशिंगाचं भेंड बाल्सापेक्षा हलकं, पण त्याला ताठपणा नाही. मी एकदा भेंडाचा पंख करून पाहिला. फेकला तेव्हा हवेतच त्याने नमस्कार घातला. बांबूची कामटी मात्र खरंच कामाची, तिची गोष्ट पुढे येईल.

ग्लायडर: एक संध्याकाळ आणि एक रात्र

सामान मोजकं. ३ मिमीची एक मध्यम-हलकी शीट पंखाला, १ किंवा १.५ मिमीचा तुकडा शेपटीला, धडासाठी कडक बाल्साची ३५ सेंमी पट्टी. पंख ४० सेंमी लांब, ७ सेंमी रुंद. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीला समांतर हव्यात. आडव्या ठेवल्यात तर पहिल्या फेकीलाच काडकन मोडतो. कापायला मेडिकलच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची सर्जिकल पाती आणा. स्टेशनरीतल्या कटरपेक्षा ही पाती लाकूड न चेपता कापतात. ती चालवायचं काम मात्र मोठ्यांचं. पोरांच्या हातात पॉलिश पेपर द्या. पंखाची पुढची कड गोलसर आणि मागची पातळ करत न्यायची. तासभर खरवडण्याचं काम आहे आणि मुलांना ते मनापासून आवडतं.

मग पंख मधोमध कापून पुन्हा जोडायचा, दोन्ही टोकं टेबलापासून तीन-चार सेंमी वर उचलून. ही उचल विसरलात तर विमान एका अंगावर कलंडतं ते सावरतच नाही. वर असलेली बाजू खाली आणि खालची वर, असा तोल हवाच घडवून आणते, फक्त पंखांना तो कोन हवा. फेव्हिकॉलने जोडा आणि रात्रभर हात लावू नका.

सगळं मिळून वजन पंधरा-वीस ग्रॅम. नाकाला क्ले चिकटवत जायचं, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांवर विमान सरळ तरंगेपर्यंत. मग गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून पुढे सोडायचं. फेकायचं नाही, सोडायचं. नाक वर करून थबकलं आणि धपकन खाली आलं तर क्ले कमी आहे. सरळ जमिनीत घुसलं तर जास्त आहे, थोडं काढा, किंवा शेपटीची मागची कड तोंडाच्या वाफेने ओलसर करून केसभर वर वळवा. एका वेळी एकच बदल करा. आपण बाप लोक तीन गोष्टी एकदम बदलतो आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही.

एकसारखे दोन करायचे ते ह्यासाठीच. एक जसाच्या तसा ठेवायचा, दुसऱ्यावर प्रयोग. शिवाय दोन भावंडं असतील तर तंटा मिटतो.

ग्लायडरच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तो मोडला तर मैदानातच दुरुस्त होतो. फेव्हिक्विकचा एक थेंब, तीस सेकंद, पुन्हा हवेत. सकाळच्या तासाभरात चाळीस-पन्नास फेकी होतात. रबराच्या विमानाच्या त्याच वेळात दहा झाल्या तरी खूप. आणि पोरगं शिकतं ते फेकींच्या संख्येतून.

उणं काय? पंधरा-वीस सेकंदांची भरारी म्हणजे पर्वणी. दिसायला काटकुळं. वर्गात नेऊन दाखवलं तर कुणी "वा" म्हणणार नाही.

रबराचं: देखणं आणि मानी

"वा" हवं असेल तर हे करा. बारीक काड्यांचा सांगाडा, त्यावर झिरझिरीत कागद, पुढे पंखा, पोटात रबराचा पीळ. खिडकीच्या उजेडात धरलं की फासळ्या आरपार दिसतात. ही युक्तीही जुनी. पॅरिसच्या त्विलरी बागेत १८७१ साली आल्फाँस पेनो ह्या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावरचं छोटं विमान लोकांसमोर ११ सेकंद उडवलं होतं. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही त्याच्याच धर्तीचं, बांबू, बूच आणि कागदाचं. बांबू तेव्हाही होताच. मी अजून पंखाच्या टोकाच्या गोलाईला आणि चाकांच्या पायांना बांबूची कामटी मेणबत्तीवर वाकवून वापरतो. बाल्साच्या तुकड्यांपेक्षा ती चिवट पडते.

बनवायला मात्र दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी धरा. आराखडा सॉफ्टबोर्डवर पसरायचा, वर पातळ प्लास्टिक, म्हणजे काड्या कागदाला चिकटत नाहीत. काडीच्या दोन्ही बाजूंना टाचण्या, काडीतून आरपार नाही. धडाच्या दोन्ही बाजूंचे सांगाडे एकावर एक करून मग वेगळे करायचे, तरच जुळे निघतात. हे काम चौथीतल्या पोरीला जमतं, पण सलग वीस मिनिटंच. तिसऱ्या दिवशी तुम्ही एकटे टेबलाशी आणि ती सायकलवर, अशी माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांची कहाणी आहे. वाईट वाटून घेऊ नका. कागद मढवायच्या दिवशी ती परत येते.

कागदाचं म्हणाल तर परदेशी टिश्यू उत्तम, पण मी पतंगाचा कागदही वापरला आहे. पातळ असतो, स्वस्त असतो, संक्रांतीच्या आधी हवा त्या रंगात मिळतो. अडचण एकच. मढवल्यावर कागद ताणला जावा म्हणून त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारतात, तेव्हा हा रंग सोडतो. पांढरा घ्या. आणि सुकताना पंख बोर्डवर दाबून ठेवा, नाहीतर कागद आकसताना सांगाड्याला पिळून टाकतो. पिळलेला पंख म्हणजे जन्मभर गोल फिरणारं विमान. कागदावर डोपचा, म्हणजे कागद घट्ट करणाऱ्या लॅकरचा, हात द्यायचा तर बाल्कनीत. वास उग्र आणि द्रव पेट घेणारा. देवघर आणि गॅसपासून लांब.

उडवताना खरी परीक्षा. रबर ताणून मग पिळ द्यायचा, त्यासाठी हाताने फिरवायच्या ड्रिलला आकडा लावतात. रबराला आधी सिलिकॉन तेलाचा हात. सुटल्या सुटल्या पिळाचा जोर फार असतो आणि पुढे ओसरत जातो, म्हणून विमान आधी उसळतं आणि मग शांत होतं. ती उसळी आवरायला पंख्याचा दांडा किंचित खाली आणि किंचित उजवीकडे कललेला ठेवतात. इथे ग्लायडरवर तोल जमवायला शिकलेला माणूस दहा मिनिटांत मार्गी लागतो, आणि न शिकलेला विमान मोडून घरी येतो. ग्लायडर आधी करा हे मी सांगतो ते त्यामुळे.

किट घ्यावं की आराखड्यावरून कापावं? पहिलं रबराचं विमान लेझरने कापलेल्या किटमधून करा. फासळ्या एकमेकीशी जुळतात, आणि पंधरा सारख्या फासळ्या हाताने कापायला लावल्या तर छंदच सुटेल. पण किटमधल्या काड्या डोळे झाकून घेऊ नका. मला एकदा एकाच पाकिटात पंखाच्या दोन दांड्या अशा मिळाल्या की एक दुसरीच्या जवळजवळ दीडपट वजनाची. तशाच लावल्या असत्या तर विमान कायम एकीकडे झुकलं असतं. काट्यावर तोला, जड काडी धडाला द्या, पंखासाठी सुटी जोडी आणा. किटच्या पैशात चार-पाच शीट येतात हे खरं, पण पहिल्या खेपेला वाया जाणारं लाकूड धरलं तर हिशेब सारखाच पडतो.

गोंदाचा वाद फार चालतो, तो थोडक्यात मिटवू. सांध्याला फेव्हिकॉल, थोडं पाणी घालून. तो जागा बदलायला वेळ देतो. पातळ शीटवर सढळ हाताने लावला तर मात्र ती ओलाव्याने वाकते. झटपट गोंद दुरुस्तीला. त्याची वाफ डोळ्यांत जाते, बोटं चिकटतात आणि सुती कापडावर सांडला तर कापड चांगलंच तापतं. सुती फडक्याने पुसायला जाऊ नका.

रिमोटचं: उडवायचं असेल तर

इथे मी थोडा पक्षपाती आहे, कबूल. रिमोट, रिसीव्हर, मोटार, स्पीड कंट्रोलर, सर्वो (शेपटीच्या झडपा हलवणारी छोटी मोटार), बॅटरी, चार्जर हे सगळं जमवायला आठ-दहा हजार सहज जातात आणि त्यात लाकूड अजून आलेलंच नाही. बाल्साचं सव्वा मीटर पंखांचं शिकाऊ विमान करायला दोन महिने, आणि नवशिक्याच्या हातून ते पहिल्याच रविवारी, बहुधा पहिल्याच मिनिटात जमिनीत. समोरून आपल्याकडे येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, हे हाताला कळेपर्यंत दोन-तीन आपटण्या ठरलेल्या. फोमचं विमान त्या आपटण्या सोसतं. फोमवर शिका, हात बसला की बाल्साचं बांधा. तेव्हा त्याच्यासारखं सुख नाही, हवेत ते फोमपेक्षा कितीतरी सरळ आणि शांत जातं.

कायद्याचंही बघा. रिमोटवरच्या विमानाला ड्रोन नियम २०२१ लागू होतात. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. हौसेसाठी उडवताना ह्या दोन्ही गटांना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई नकाशातल्या लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगाव किंवा ओझर विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी नकाशा आधी उघडावा, बटवा नंतर. कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे डोकवा. एरोमॉडेलिंग त्यांच्या शिक्षणातच असतं आणि जाणता माणूस शेजारी उभा असणं हे कुठल्याही किटपेक्षा मोलाचं.

कधी

पावसाळ्यात करा, थंडीत उडवा. पावसाळ्यात बाल्सा ओलावा घेतं, म्हणून शीट उभ्या न ठेवता सपाट फळीवर, वर वजन ठेवून ठेवा. कागदही त्या दिवसांत सैल पडतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप ताठतो. उडवायची वेळ सकाळी सात ते साडेआठ, झाडाची पानं हलत नसताना. संक्रांतीच्या आगेमागे मैदानात मांजा असतो, ते दिवस सोडा.

नऊनंतर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढताना दिसल्या की ग्लायडर त्यांच्या खाली सोडायचा मोह होतो. मी एकदा सोडला. वर जाणाऱ्या गरम हवेत तो घिरट्या घेत चढला आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून पलीकडे गेला तो गेलाच. तेव्हापासून पंखावर बॉलपेनने फोन नंबर लिहितो, खालच्या अंगाला. झाडात अडकलेलं विमान लोकांना खालूनच दिसतं.