इनस्क्रिप्टवाल्यांच्या हाताला बसणारे ब्राउझर शॉर्टकट: पावसाळ्यापासून नाताळापर्यंतचा अनुभव

कीबोर्ड शॉर्टकटवर पुष्कळ लिहिलेलं सापडतं, पण ते जवळजवळ सगळं इंग्रजीत टाइप करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळरचनेवर, मराठी लिहिणाऱ्याच्या हाताला कोणते शॉर्टकट साथ देतात आणि कोणते ऐन वेळी गप्प बसतात, हे मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय.

मी गोव्यात, फोंड्याला घरून भाषांतराचं आणि मजकूर तपासण्याचं काम करते. दिवसभर ब्राउझर उघडा असतो. एका टॅबमध्ये शब्दकोश, एकात राजपत्र, एकात दैनिकाची ई-आवृत्ती आणि शिवाय हातातलं काम. पावसाळ्याच्या तोंडावर उजवं मनगट ठणकायला लागलं, त्यात दमट हवेत ओलसर बोटांनी टचपॅडही धड चालेना. तेव्हा माऊस शक्य तितका सोडायचं ठरवलं. आता नाताळ जवळ आलाय आणि माऊस बहुतेक वेळ बाजूलाच असतो. माझ्याकडे विंडोज आहे, ब्राउझर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही.

पहिली समाधानाची गोष्ट ही की कंट्रोल दाबून करायचे शॉर्टकट कळफलक मराठीवर असला तरी चालतात. कंट्रोल-टी ने नवा टॅब, कंट्रोल-डब्ल्यू ने बंद, कंट्रोल-टॅब ने पुढच्या टॅबवर, कंट्रोल आणि १ ते ८ ने त्या त्या क्रमांकाच्या टॅबवर, ९ ने थेट शेवटच्या. ही यादी कुठेही मिळते, त्यात वेळ घालवत नाही.

माझं काम खऱ्या अर्थाने बदललं ते कंट्रोल-एल ने. कर्सर पत्त्याच्या पट्टीत जातो, एवढंच त्याचं काम. पण क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सर्च’ नावाचा भाग आहे. एखाद्या संकेतस्थळाचा शोधाचा पत्ता तिथे द्यायचा, शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एस लिहायचा आणि त्याला एक छोटी खूण नेमून द्यायची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. दोघांना मी वेगवेगळ्या खुणा दिल्या. आता कंट्रोल-एल, खूण, टॅब, शब्द, एंटर, की अर्थ समोर. पूर्वी बुकमार्क शोध, पान उघड, चौकटीत क्लिक कर, असं करता करता मूळ वाक्यच डोक्यातून निसटायचं. काही सेकंद वाचतात ते सोडा. वाक्य डोक्यात टिकून राहतं, याची किंमत मला फार मोठी वाटते. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला कीवर्ड देऊन हेच साधता येतं.

दुसरा शॉर्टकट पावसाळ्यातला. आमच्याकडे जोराचा वारा सुटला की वीज गेलीच म्हणून समजायचं. वीज आली, संगणक सुरू केला, क्रोम उघडून कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की आधीचे टॅब परत येतात. चुकून बंद झालेला एखादा टॅबही तसाच परत येतो. फक्त अर्जात भरलेला मजकूर परत येईल याची खात्री धरू नये.

आता व्हिमियमविषयी जरा सविस्तर. क्रोम आणि फायरफॉक्सला जोडायचं हे फुकट, मुक्तस्रोत एक्स्टेन्शन. १९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, त्याच्या कळा यात वेब पानांवर आणल्या आहेत. जे ने खाली, के ने वर, डी आणि यू ने अर्धं अर्धं पान, दोनदा जी ने अगदी वर, मोठ्या जी ने तळाशी. एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक दुव्यावर एक-दोन अक्षरांची पिवळी चिठ्ठी उमटते. ती अक्षरं दाबायची, दुवा उघडतो. मोठं एफ दाबलं तर तो मागे नव्या टॅबमध्ये उघडतो आणि आपण वाचत असतो तिथेच राहतो. दैनिकाच्या मुखपृष्ठावरून हव्या त्या बातम्या अशा काढून ठेवायच्या आणि मग एकेक वाचायची, हे मला इतकं सवयीचं झालंय की दुसऱ्याच्या संगणकावर अडखळायला होतं.

पण मराठी कळफलक चालू असताना एफ दाबलं तर काहीही होत नाही. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर ऱ्हस्व वेलांटी आहे, जे वर र, के वर क. व्हिमियमला एफ मिळतच नाही. विंडोज आणि स्पेस दाबून दर वेळी भाषा बदलायची म्हणजे शॉर्टकटचा सगळा फायदा तिथेच संपतो. मराठीतली कितीतरी माणसं इथेच कंटाळून हे सोडून देत असतील, असं मला मनापासून वाटतं. उपाय व्हिमियमच्या ऑप्शन्समध्येच आहे: ‘इग्नोर कीबोर्ड लेआउट’. त्यावर खूण केली की तो अक्षर न बघता कळीची जागा बघतो आणि मराठी चालू असतानाही एफ हा एफच राहतो. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याने एक्स्टेन्शन बसवल्याबरोबर आधी हे करावं.

मर्यादा आहेत. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पानांवर किंवा वेब स्टोअरवर ते चालत नाही, आणि पान पुरेसं उतरेपर्यंतही नाही. जीमेल आणि यूट्यूबला जे, के वगैरे स्वतःच्या कळा आहेत, तिथे दोघांची टक्कर होते. अशी संकेतस्थळं मी वगळण्याच्या यादीत टाकली.

पानातला शोध म्हणजे कंट्रोल-एफ. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतातल्या मराठीत तो उत्तम चालतो. पण स्कॅन करून ठेवलेल्या जुन्या पानांत अक्षरं म्हणजे नुसतं चित्र, तिथे काही सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या मजकुरातही मराठी शब्द टाकून हाती काही लागत नाही. राजपत्रातला संदर्भ शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, नाहीतर शब्द त्या पानात नाहीच असा समज होतो.

अर्ज भरताना टॅब आणि शिफ्ट-टॅब पुरतात. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारख्या कामात तालुका निवडायची यादी बहुधा इंग्रजीत असते. तिथे भाषा इंग्रजीवर आणून पी दाबलं की पेडणे, पुन्हा पी दाबलं की फोंडा. गोव्याचे बाराही तालुके असेच अक्षराने निवडता येतात.

पण काही संकेतस्थळांवर टॅब दाबत गेलं की आपण नेमके कुठे आहोत हेच दिसत नाही. चौकट दिसत नाही, बटणाचा रंग बदलत नाही. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत सगळं काम कळफलकावरून करता यावं आणि आपण कुठे आहोत ते दिसावं, हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. मला अडलं तर मी माऊस उचलते. आमच्या वाड्यावरच्या मास्तरांना ती सोय नाही. दृष्टी गेल्यापासून ते एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरतात. एच ने मथळ्यावरून मथळ्यावर, के ने दुव्यावरून दुव्यावर जात रोज पेपर ऐकतात. एकदा एका अर्जाशी ते बराच वेळ झगडत होते. मला म्हणाले, “बाय, बटणाला नाव असेल तर मी दाबीन. हा नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतोय, त्यातलं कुठलं दाबू?” आपल्याकडे संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी एकदा तरी माऊस काढून ठेवून आपलाच अर्ज शेवटपर्यंत भरून बघावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुरक्षेचं एक सांगते. व्हिमियम प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागतो, त्याशिवाय दुव्यांवर चिठ्ठ्या उमटणार कशा? त्याचा कोड उघड आहे, तरीही बँकेची कामं मी एकही एक्स्टेन्शन नसलेल्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये करते.

मनगट आता बरंच बरं आहे. त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाचा वाटा किती आणि माऊस सोडण्याचा किती, हे वेगळं करता येत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने आठवडाभर फक्त कंट्रोल-एल आणि कंट्रोल-शिफ्ट-टी वापरावे, ते हाताला बसले की मग व्हिमियम घ्यावा, आणि त्यातही आधी एफ, जे, के एवढेच.