अल्फा रोमिओ स्पायडर २००० : उभ्या राहून कुजलेली गाडी रस्त्यावर आणल्यानंतरचे सात महिने

गाडी १९७४ ची, दुसऱ्या मालिकेतली, दोन डेलॉर्टो कार्ब्युरेटरवाली. घेतली तेव्हा ती अनेक वर्षं जागची हललेली नव्हती. दुरुस्तीला चौदा महिने गेले आणि रस्त्यावर धावायला लागून सात झाले. अशीच पडून राहिलेली स्पायडर कुणी हेरून ठेवली असेल, तर हे त्यांच्यासाठी.

स्पायडर ही अल्फा रोमिओची घडीच्या छताची गाडी १९६६ ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दिसली. १९७० च्या मॉडेलपासून तिची शेपटी उभी कापलेली आहे, १९७१ पासून १९६२ घनसेंटिमीटरचं इंजिन आलं, आणि साधारण तोच सांगाडा १९९३ पर्यंत निघत राहिला. त्यामुळे गॅस्केट, बुश, ब्रेकचे भाग, सायलेन्सर असलं काही आजही अडत नाही. अडतो तो पत्रा. बंद पडलेलं पण कोरड्या सांगाड्यातलं इंजिन परवडतं. गोड चालणारं इंजिन आणि पुट्टीने लपवलेले सिल (दरवाजाखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे) ही जोडी परवडत नाही. विकणारा नेमकं इंजिन सुरू करून दाखवतो आणि पाहणारा खूश होतो!

गाडीला वेगळी चासी नाही आणि डोक्यावर पक्कं छत नाही, म्हणजे मधला सगळा भार दरवाजाखालच्या सिलवर. हा सिल तीन थरांचा असतो : बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा. छत घडी होऊन बसतं त्या खोबणीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की ते पाणी सीटमागच्या फ्लोअरवर आणि तिथून सिलमध्ये उतरतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुधा संपलेला असतो. लोहचुंबक फिरवून पुट्टी सापडते, पण नवीन बाहेरचा पत्रा सडक्या पडद्यावर चढवला असेल तर चुंबक फसतो. त्यावर उपाय म्हणजे जॅक. दरवाजा उघडा ठेवून जॅकच्या जागेवर गाडी उचलायची आणि मग दरवाजा लावून पाहायचा. तो घासला किंवा कुलपावर बसेना, तर सांगाडा मधून वाकतोय. सपाट जमिनीवर उभ्या गाडीतही दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर बारीक आणि खाली रुंद असेल, तर अर्थ तोच. जॅकची जागाच आत दबली, तर पुढचं काही तपासायला नको.

याखेरीज कार्पेट उचलून फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकांच्या कमानी आणि नाकाचा खालचा पत्रा पाहावा. नाकाला मागे कधी ठोकर बसलेली नाही अशी स्पायडर विरळा.

सिल बदलताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आधार न देता कापणं. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप वेल्ड करून दरवाजाची चौकट आधी बांधून घ्यावी. गाडीचं वजन सस्पेन्शनवर, चाकांवर उभी असावी तसं ठेवावं आणि एका वेळी एकच बाजू कापावी. नवीन पत्रा टाके मारून बसवायचा, दरवाजा लावून फटी पाहायच्या, मग पुढचे टाके. सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून ओढला जातो आणि फट बिघडते. पोकळीत मेण शेवटी, रंगानंतर. आधी भरलं तर वेल्डच्या आणि भट्टीच्या उष्णतेने वितळून वाहून जातं. या कामातच चौदांपैकी आठ महिने गेले.

इंजिनचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्यात बिडाचे ओले लायनर, म्हणजे भोवती थेट कूलंट असलेल्या, वेगळ्या बसवलेल्या सिलिंडरच्या नळ्या. उभी गाडी स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं भेदक (गंज सोडवणारं) तेल सोडावं, काही दिवस थांबावं आणि क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून हाताने हलवावं. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवताना ते स्टडवर गंजून घट्ट बसलेलं असतं. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की मऊ अॅल्युमिनियमवर चर पडतो आणि हेड आणि ब्लॉक दोन्हींचे सपाट पृष्ठभाग बिघडतात. स्टडभोवती रोज तेल सोडत धीर धरावा. हेड निघाल्यावर लायनर वॉशर आणि नळीच्या तुकड्यांनी दाबून ठेवल्याशिवाय क्रँक फिरवू नये. ते वर उचलले गेले तर खालचं सील सुटतं आणि पुढे कूलंट थेट ऑइल संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत. लायनरचं तोंड ब्लॉकच्या पातळीपासून ०.०० ते ०.०६ मिमी वर हवं. एकही खाली बसलेला चालत नाही.

हेड गॅस्केटबरोबर तेलाच्या वाटांवर सहा छोट्या रबरी ओ-रिंग येतात. या इंजिनाची बहुतेक गळती त्यांच्यापायीच. रबर कडक झालं की तेल सांध्यातून बाहेर झिरपतं, नाहीतर कूलंटमध्ये जातं. काही शे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, एकेक नट थोडा सैल करून क्रमाने पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणणं टाळू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यात सोडियम भरलेलं असतं. जुने व्हॉल्व्ह कापणं, छेदणं किंवा भंगारात वितळवणं धोक्याचं.

गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर आधी जातो, आणि तो जातोच. तिसऱ्यातून झटक्यात दुसरा टाकून पाहावा. करकरला तर सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलाय. बॉक्स उघडून करून घेतल्यावरही तेल गरम होईपर्यंत दुसरा सावकाश टाकावा लागतो. घाई केली की बॉक्स ऐकवतो.

प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं) पुढचं रबर कपलिंग नवीन घेतलं तर त्यावर धातूचा पट्टा आवळलेला येतो. तो बोल्ट बसल्यावर कापायचा. आधी कापला तर छिद्रं जुळत नाहीत. पुढच्या स्प्रिंगबाबत मात्र हुशारी नको. स्प्रिंग जिच्यावर बसते त्या खालच्या बशीचे बोल्ट एकेक करून काढून त्या जागी लांब आटेदार रॉड घालावे आणि चारही नट समान सैल करत बशी उतरवावी. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात वाचत नाही.

ब्रेकचे कॅलिपर अडकलेले होते, ते अपेक्षितच होतं. फसवले होज पाइपांनी. ते बाहेरून धड दिसतात, आतून फुगलेले असतात आणि पॅडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतात. सगळे बदलावेत, तपासत बसू नये.

सात महिन्यांत कार्ब्युरेटरचे रबरी माउंट एकदाच फुटले आणि तिथून हवा आत शिरू लागली. आयडलिंग वर-खाली होणं, वेग सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, आणि जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलूनही फरक नाही, ही त्याची खूण. माउंटवर कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारला आणि आरपीएम बदलला की जेटकडे बघूही नये. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी स्पिका इंजेक्शन (पंपाने चालणारी यांत्रिक इंधन व्यवस्था) असतं. बरेच जण ते काढून फेकतात, पण दोष बहुतेक वेळा पंपाचा नसून त्यावरच्या थर्मोस्टॅटिक अॅक्च्युएटरचा (इंजिनच्या तापमानाप्रमाणे इंधन कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) असतो.

चालवायला? लांब हात आणि आखूड पाय असणाऱ्याला बसणं सोयीचं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड, वेग आला की हलकं. तीन हजार आरपीएमच्या वर इंजिन मोकळं होतं. सीट, कार्पेट, क्रोम शेवटी ठेवलं तरी बिघडत नाही.

एक काम मात्र दर महिन्याला होतं : छताच्या खोबणीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि दोन्ही बाजूंनी गाडीखाली धार पडते का ते पाहायचं. एका बाजूची बारीक झाली की त्याच दिवशी नळीत वायर घालायची.